घरच्या घरी बीपी मोजायचं, तर असं मोजा

बाबांचं बीपी दवाखान्यात १५६/९४ निघालं आणि दुसऱ्याच दिवशी घरात मशीन आलं. पहिला आठवडा त्या मशीनने जो धिंगाणा घातला, तो आठवला की अजून हसू येतं. सोफ्यात रेलून, पायावर पाय टाकून, शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून, समोर बातम्या लावून आणि एका कानाला फोन धरून बाबा बीपी मोजायचे. १५८ आलं की लगेच पुन्हा. १४९. पुन्हा. १६३. मग ‘हे मशीनच बोगस आहे’ असा निकाल, आणि तो ऐकवायला पुढचा फोन.

मशीन ठणठणीत होतं. त्या एका बैठकीत आकडा वर ढकलणाऱ्या निदान पाच गोष्टी बाबा एकाच वेळी करत होते. बाबा काही जगावेगळे नाहीत. बहुतेक घरांत बीपी असंच मोजलं जातं आणि त्या आकड्यावरून कुणी घाबरतं, कुणी निर्धास्त होतं, तर कुणी परस्पर गोळी वाढवतं किंवा बंद करतं. दहा मिनिटं आणि थोडी शिस्त एवढ्यावर हे काम नीट होतं. ती शिस्त कशी पाळायची आणि तिच्यामागचं कारण काय, ते पुढे सांगितलं आहे. कारण माहीत नसलं की नियम चार दिवसांत गळून पडतो, म्हणून जिथे जमेल तिथे कारणही दिलं आहे.

पट्ट्याच्या आत काय चालतं

रक्तदाब मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग घोड्यावर झाला. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने आडव्या पाडलेल्या घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढलं. त्याने हे १७३३ साली छापून प्रसिद्ध केलं. माणसांवर हा प्रकार अर्थातच चालण्यासारखा नव्हता. दंडाला फुगणारा पट्टा बांधून बाहेरूनच दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये काढली. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकायचे आणि त्यावरून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ठरवायचे, ही रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांची १९०५ ची भर. डॉक्टर आजही कानाने मोजतात ते याच पद्धतीने.

घरातलं डिजिटल मशीन मात्र काही ऐकत नाही. पट्टा फुगला की दंडातली धमनी दाबली जाते आणि रक्त अडतं. हवा हळूहळू सुटू लागली की रक्त ठोक्याठोक्याला वाट काढतं आणि धमनीच्या भिंतीची थरथर पट्ट्यातल्या हवेत उमटते. मशीन ही थरथर मोजतं. ती सर्वांत जोरकस असते तिथला दाब सरासरी रक्तदाबाच्या जवळचा असतो. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्या थरथरीच्या चढउतारावरून गणिताने काढतं. (काही मशिनं हेच काम पट्टा फुगतानाच उरकतात.)

एवढं लक्षात आलं की पुढचे निम्मे नियम आपोआप पटतात. हात हलला, मूठ आवळली, बोलता बोलता दंडाचा स्नायू ताठ झाला, की तीही थरथर पट्ट्यात शिरते आणि मशीनचं गणित बिघडतं.

मशीन घेताना

दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या. मनगटाचं मशीन सुटसुटीत असतं खरं, पण मनगट हृदयाच्या बरोबर उंचीवर धरून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही आणि आकडा चुकतो. दंडाला कुठलाच पट्टा नीट बसत नसेल, तर डॉक्टरांना विचारून मनगटाचं वापरावं, एरवी नाही. बोटाला लावायच्या मशिनांच्या वाटेला जाऊ नका. घड्याळात किंवा अंगठीत बीपी दाखवणारी, पट्टाच नसलेली उपकरणं गंमत म्हणून ठीक आहेत, पण त्यांच्या आकड्यावर औषध ठरवायचं नाही.

मशीनच्या खोक्यावर किती सोयी छापल्या आहेत यापेक्षा त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेली आहे का, हे बघा. अशी तपासणी झालेल्या मशिनांच्या याद्या असतात. ‘स्ट्राइड बीपी’ ही आंतरराष्ट्रीय यादी कुणालाही फुकट बघता येते. ब्रँडचं नाव यादीत दिसलं म्हणून भागत नाही, मॉडेलचा क्रमांक जुळायला हवा. एकाच कंपनीचं एक मॉडेल तपासलेलं आणि दुसरं न तपासलेलं, असं सर्रास असतं.

आता पट्ट्याचं माप. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, ढगळ झाला तर कमी. जाड दंडाच्या माणसाला खोक्यातला मधल्या मापाचा पट्टा कसाबसा ओढून बांधला, तर नसलेलं बीपी सहज दिसू शकतं. म्हणून आधी दंड मोजा. हात बाजूला सैल सोडायचा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करायची आणि त्या खुणेवर दंडाचा घेर मोजायचा. मोजपट्टी नसेल तर दोरा गुंडाळा आणि तो फूटपट्टीवर ठेवा. सोबत मिळणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. हे माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. घेर त्यात बसत नसेल तर त्याच कंपनीचा मोठा किंवा लहान पट्टा वेगळा घ्यावा. एका कंपनीच्या मशीनला दुसरीचा पट्टा जोडायचा नाही, कारण मशीनचं गणित तिच्या स्वतःच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं.

बाबांच्या दंडाचा घेर ३४ निघाला. म्हणजे पहिला आठवडाभर आम्ही लहान पट्ट्याने मोजत होतो.

मोजण्याआधीचा अर्धा तास

अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी नको, सिगारेट-तंबाखू नको, व्यायाम नको. जिना चढून आलात तरी थोडं थांबा. मोजण्याआधी लघवीला जाऊन या. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण भरलेल्या मूत्राशयामुळे वरचा आकडा सहज दहाएक अंकांनी चढू शकतो. खोली फार गार असली तरी आकडा वाढतो, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. भरपेट जेवणानंतर लगेच मोजलं तर काहींचा, विशेषतः वयस्कर माणसांचा, आकडा उलट खाली येतो.

मग पाच मिनिटं बसायचं. नुसतं बसायचं. फोन नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत. आमच्याकडे ही पाच मिनिटं पाळायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. बाबांच्या मते ‘मी बसलेलाच तर आहे सकाळपासून’. पण बसून वाद घालणं आणि बसून राहणं यांत फरक आहे आणि तो फरक मशीनला कळतो. शेवटी आईने स्वयंपाकघरातलं टायमर आणून समोर ठेवलं. पट्टा आधीच बांधून मग ही पाच मिनिटं बसलं, तर मोजायच्या वेळी धांदल होत नाही.

बसायचं कसं

साधी, सरळ पाठीची खुर्ची आणि शेजारी टेबल. सोफा नको. त्यात माणूस रुततो, पाठ वाकते आणि हात टेकायला नीट उंची मिळत नाही.

पाठ पूर्ण टेकलेली हवी. पाय जमिनीवर सपाट हवेत. कुणाचे पोचत नसतील तर खाली पाट किंवा जाड पुस्तक सरकवा. पायावर पाय नको, त्याने वरचा आकडा काही अंकांनी वाढतो.

हाताची उंची ही या सगळ्यातली खरी गोम. पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण मध्याशी यायला हवा. हात त्याच्या खाली गेला तर आकडा वाढतो, वर गेला तर घटतो. यात गूढ काही नाही. खाली असलेल्या भागावर वरच्या रक्तस्तंभाचं वजन जास्त पडतं, पाण्याच्या टाकीखालच्या नळाला जोर जास्त असतो तसंच. दर दहा सेंटिमीटरला साधारण सात ते आठ अंकांचा फरक पडतो. हात मांडीवर ठेवून मोजणारे बरेच जण रोज एवढा आकडा फुकट वाढवून घेतात.

शिवाय हात टेकलेला हवा. तो हवेत उचलून धरला तर स्नायूंना काम पडतं आणि दाब वाढतो. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. तळवा वरच्या बाजूला, बोटं सैल.

पट्टा बांधणं

उघड्या दंडावर बांधायचा. बाहीवरून नाही आणि बाही गुंडाळूनही नाही. गुंडाळलेल्या बाहीचा दंडाला आवळपट्टा होतो. शर्टाचा हात सरळ बाहेर काढावा किंवा सैल, अर्ध्या बाहीचं काही घालावं.

कोपराच्या आतल्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं जागा सोडून पट्ट्याची खालची कड येऊ द्या. पट्ट्यावर धमनीसाठी बाणाची किंवा रेघेची खूण असते. ती दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडीचे ठोके लागतात तिथे यायला हवी. बहुतेक पट्ट्यांत नळी हाताच्या आतल्या बाजूने तळव्याकडे उतरते, पण आपल्या मशीनच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून घ्या. बांधल्यावर पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. अख्खा हात जात असेल तर पट्टा सैल आहे.

बटण दाबलं की गप्प बसा. बोलण्याने वरचा आकडा दहा अंकांनीही वाढलेला दिसतो. घरात कुणी ‘किती आलं?’ असं मध्येच विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. मशीनच्या पडद्यावर चढत-उतरत जाणारे आकडे एकटक बघू नका, ते बघूनच काहींच्या छातीत धडधडतं. माझा सल्ला, समोरच्या भिंतीकडे बघा.

एकदा नाही, दोनदा

पहिला आकडा बहुतेक वेळा थोडा चढा येतो. म्हणून एक मिनिट थांबून तसंच बसून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही लिहा. त्यातला आवडलेला तेवढा ठेवायचा, असं चालत नाही. दोहोंत खूप फरक असेल तर आणखी मिनिटभराने तिसऱ्यांदा मोजावं. त्यापुढे मोजत बसू नका. पट्टा पुन्हा पुन्हा फुगून दंड दुखायला लागतो, मन वैतागतं आणि आकडे आणखीच भरकटतात.

अगदी पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून बघा. थोडा फरक असतोच. तो वारंवार दहाच्या वर राहिला, तर ज्या हाताचा आकडा जास्त तोच हात कायमचा ठरवून टाका आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. वरच्या आकड्यात पंधरा-वीसचा फरक सतत दिसत असेल, तर एका बाजूची धमनी अरुंद झाली आहे का हे डॉक्टर बघतील.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा डायलिसिससाठी हातात फिस्तुला केला असेल, तर त्या हाताला पट्टा बांधायचा नाही. दुसराच हात वापरा.

सात दिवसांचा हिशोब

रक्तदाब ठोक्यागणिक बदलतो. झोपेत तो दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि पहाटे उठण्याच्या सुमारास चढू लागतो. अशा सतत हलणाऱ्या गोष्टीचा एकच आकडा धरून निष्कर्ष काढणं म्हणजे क्रिकेटच्या सामन्यातलं एक षटक बघून निकाल सांगणं. एक आकडा कितीही नीट मोजला तरी तो एकच आकडा असतो. डॉक्टरांच्या उपयोगी पडते ती सरासरी.

पद्धत सोपी आहे. सलग सात दिवस, रोज सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा. सकाळचं मोजणं उठल्यावर तासाभरात, शौचाला जाऊन आल्यावर, पण नाश्त्याच्या आणि बीपीच्या गोळीच्या आधी. रात्रीचं जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, पण रोज त्याच सुमारास. पहिल्या दिवसाचे आकडे हिशोबात धरायचे नाहीत. नवखेपणामुळे ते चढे येतात. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे होतात, त्यांची सरासरी काढायची.

वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेरा असे रकाने आखा. १३७ आलं तर १३७ च लिहा, ‘१४० च्या आसपास’ नको. शेऱ्याचा रकाना बरेच जण कोरा सोडतात, पण तो खूप काही सांगून जातो. झोप झाली नाही, डोकं दुखतंय, सर्दीची गोळी घेतली, भांडण झालं, गोळी विसरलो, जे असेल ते लिहावं. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, बंद नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या आणि स्टिरॉइड्स यांनी बीपी वाढू शकतं. शेऱ्यात त्यांचा उल्लेख असला तर डॉक्टरांचा अर्धा तपास तिथेच होतो.

बाबांचा दुसरा आठवडा, मोठा पट्टा आणि टायमरसह, असा होता. पहिल्या दिवशी १५२/९०. तो वगळला. पुढच्या सहा सकाळी (दोन-दोन आकड्यांची सरासरी काढून) १३८/८४, १४१/८६, १३६/८२, १३९/८४, १३५/८२, १३७/८४. त्याच दिवशी रात्री १३०/८०, १३२/७८, १२८/७८, १३४/८२, १२६/७६, १३०/८०. वरच्या आकड्यांची बेरीज १६०६, तिला बाराने भागलं की १३४. खालच्यांची ९७६, म्हणजे ८१. आठवड्याची सरासरी १३४/८१. कुठे ते दवाखान्यातलं १५६/९४ आणि सोफ्यातलं १६३!

पण डॉक्टरांनी वही बघितली तेव्हा त्यांचं बोट सरासरीवर थांबलं नाही. त्यांनी सकाळचे आणि रात्रीचे रकाने वेगळे पाहिले. सकाळची सरासरी १३८, रात्रीची १३०. १४१ च्या पुढे शेऱ्यात बाबांच्याच अक्षरात ‘काल गोळी राहिली’ असं लिहिलेलं होतं. ‘आधी गोळी रोज एकाच वेळी घ्या, महिन्याने पुन्हा असाच आठवडा काढा, मग बघू,’ असं सांगून त्यांनी वही परत दिली. दुसरी गोळी सुरू झाली नाही.

आकड्यांचा अर्थ

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. मोजमापाचं एकक अजूनही पाऱ्याचे मिलिमीटर हेच आहे. पाऱ्याची मशिनं मात्र पर्यावरणाच्या कारणाने वापरातून हद्दपार होत चालली आहेत.

दवाखान्यात उच्च रक्तदाब म्हणायची रूढ मर्यादा १४०/९० आहे. घरच्या सरासरीला तीच मर्यादा लावायची नाही. घरी माणूस निवांत असतो, म्हणून युरोपीय तज्ज्ञ-संस्थांनी घरासाठी १३५/८५ ही रेघ धरली आहे. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी २०१७ मध्ये ही रेघ आणखी खाली, १३०/८० वर आणली. म्हणजे एकच सरासरी एकीकडे ‘ठीक’ आणि दुसरीकडे ‘जास्त’ ठरू शकते. यात गोंधळून जाऊ नका. दाब वाढतो तसा धोकाही हळूहळू वाढत जातो, रेघ आखावी लागते ती उपचाराच्या सोयीसाठी. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, वय, आधी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका अशा गोष्टींवरून तुमची रेघ कुठली, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तो आकडा त्यांना स्पष्ट विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दोन आकड्यांपैकी एकच वाढलेला असला तरी तो वाढलेलाच. उतारवयात धमन्या ताठर होतात, तेव्हा वरचा १५० आणि खालचा ७५ असं चित्र नेहमी दिसतं. ‘खालचा तर चांगला आहे’ म्हणून ते सोडून द्यायचं नाही.

दवाखान्यात जास्त आणि घरी व्यवस्थित, असं अनेकांचं होतं. पांढरा कोट बघून चढणारं हे बीपी. याच्या उलटही होतं आणि ते जास्त घातक. दवाखान्यात १२८ आणि घरी रोज १४५. असा माणूस तपासणीतून ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो. घरी मोजण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, कारण दबा धरून बसलेलं बीपी एरवी सापडतच नाही आणि बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही. ‘माझं बीपी वाढलं की मला कळतं’ असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. त्यांनी दोन आठवडे आधी अंदाज लिहून मग मोजून बघावं.

कधी धावायचं

वरचा आकडा १८० किंवा त्यापुढे, अथवा खालचा १२० किंवा त्यापुढे आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा बधिर होणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, दिसेनासं होणं यांतलं काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ही लक्षणं आकडा कमी असतानाही दिसली तर तितक्याच तातडीने निघायचं.

लक्षण काहीच नाही, नुसता आकडा एवढा आहे, तर शांत बसा, निदान एक मिनिट थांबा आणि पुन्हा मोजा. तरीही तितकाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. घाबरून जास्तीची गोळी घेऊ नका, शेजाऱ्याची तर मुळीच नको. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

गरोदरपणात नियम वेगळे आहेत. १४०/९० किंवा जास्त आलं तर आठवड्याच्या सरासरीची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. जोडीला तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा बरगडीखाली दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठा. मशीनही गरोदरपणासाठी तपासलेलं हवं.

कमी बीपीची गोष्ट थोडक्यात. आकडा कमी दिसतो पण त्रास काही नाही, तर बहुतेकदा काळजीचं कारण नसतं. मात्र उठून उभं राहताच अंधारी येत असेल, तर आधी बसून मोजा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांचं पडणं पुष्कळदा इथूनच सुरू होतं. हे मोजताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

मशीनच्या पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण एखाद वेळी दिसली तर हात हलला असेल. वारंवार दिसू लागली तर ईसीजी काढून घ्या. हृदयाचे ठोके मुळातच अनियमित असतील (एट्रियल फिब्रिलेशन) तर डिजिटल मशीनचे आकडे कमी भरवशाचे होतात. अशांनी एका वेळी तीनदा मोजून सरासरी काढावी आणि डॉक्टरांकडून हाताने मोजलेल्या आकड्याशी ताडून घ्यावी.

किती दिवस मोजायचं

सात दिवसांचा आठवडा पूर्ण झाला आणि सरासरी चांगली आली, की मशीन कपाटात ठेवा. औषध बदललं, मात्रा बदलली किंवा डॉक्टरांची भेट जवळ आली, की पुन्हा एक आठवडा. मधल्या काळात किती वेळा मोजायचं हे डॉक्टर सांगतील. पुष्कळांना आठवड्यातून एक-दोन दिवस पुरतात. दिवसातून दहादा मोजणाऱ्यांना त्या मोजण्याचीच धास्ती बसते, धास्तीने आकडा वाढतो, वाढला म्हणून अकराव्यांदा मोजलं जातं. घरात असं कुणी असेल तर वही आणि मशीन दुसऱ्याच्या ताब्यात द्या. आमच्याकडे ते आईकडे आहे.

मशीनचीही थोडी निगा लागते. बॅटरी उतरत आली की आधी ती बदला, मग मोजा. नळीला घडी पाडू नका, तिला चीर गेली तर हवा गळते आणि पट्टा फुगतच राहतो. पट्टा मशीनभोवती करकचून गुंडाळून ठेवायचा नाही. वर्ष-दोन वर्षांतून एकदा मशीन पिशवीत टाकून डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या उपकरणाशेजारी त्याच हातावर, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने आळीपाळीने मोजून घ्या. चार-पाच अंकांचा फरक चालतो. दरवेळी दहाच्या पुढे जात असेल तर आधी पट्टा बदलून बघा, तरी तेच राहिलं तर मशीन बदला.